धुक्यातून उचललेली ओळ

ऑर्लीना अँबर्गीची या जगातली पहिली स्मृती रक्ताची होती. केंटकीच्या पूर्वेकडील डोंगरांत, सॉब्रायर ओढ्याच्या उगमाशी, तिच्या बापाला खेचरावर आडवा घालून दारी आणले होते. रानात सोडलेल्या डुकरांच्या मालकीवरून शेजारच्या खिंडीतील घराण्याशी तंटा झाला होता आणि तंट्याचा निवाडा बंदुकीने झाला होता. खेचराच्या पांढऱ्या पोटावरून ओघळणारे रक्त खुरापाशी थेंबाथेंबाने मातीत झिरपत होते आणि कोंबड्या त्या ओल्या मातीत चोची मारत होत्या. तिच्या आईने छाती बडवली नाही. तिने पाण्याची बादली आणली, फडके पिळले आणि नवऱ्याचे कपाळ पुसता पुसता स्तोत्राची एक ओळ दिली. अंगणातील पुरुषांनी टोप्या उतरवल्या, बंदुका कुंपणाला टेकवल्या आणि ती ओळ उचलली. स्तोत्र संपल्यावर त्यांनी बंदुका पुन्हा हाती घेतल्या व ते खिंडीकडे चालू लागले. संध्याकाळपर्यंत त्या बाजूचेही एक घर रडत होते.

ओळ देणे आणि ओळ उचलणे ही त्या डोंगरांतील उपासनेची जुनी रीत. प्रार्थनागृहात वाद्य नसे आणि स्तोत्रांचे पुस्तक एखाद्याच्याच खिशात असे. एकाने ओळ झरझर, बोलल्यासारखी द्यायची, आणि मंडळीने ती उचलून, एकेका अक्षराला वळणे देत, उतारावरून सरकणाऱ्या धुक्याच्या गतीने गायची. दिलेली ओळ कोणी खाली पडू देत नसे. देणारा मित्र आहे की वैरी, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. कारण ओळ माणसाची नव्हे, परमेश्वराची, अशी त्यांची श्रद्धा. प्रार्थनागृहात ओळ देण्याचा मान पुरुषांचा. घरात, चुलीपुढे, तो बाईचा.

बर्निस अँबर्गीशी लग्न होऊन ऑर्लीना ओढ्याच्या खालच्या अंगाला, खाणीच्या वस्तीत आली. डोंगर तोवर कंपनीचे झाले होते. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, आणि मजुरीत मिळणारी पितळी नाणीही केवळ त्याच दुकानात चालणारी. भिंती एका फळीच्या. शेजारणीची शिंक अलीकडे ऐकू येई. त्या घरात ऑर्लीनाला चार मुले झाली. एक उकळत्या पाण्याच्या घंगाळात पडून गेले, दोन घशाच्या साथीत एकाच आठवड्यात गेली, आणि व्हर्लिन तेवढा जगला. खाणीतून माणसे बाहेर येत ती पुष्कळदा पायांनी येत नसत. छप्पर कोसळून चेंदामेंदा झालेल्या देहांना ओळखण्यासाठी बायका बोगद्याच्या तोंडाशी उभ्या राहत, आणि बुटांच्या दोऱ्यांवरून आपापला माणूस निवडून घेत.

अशा त्या जगात ऑर्लीनाची पहाट कधी चुकली नाही. बर्निस पाळीवर निघण्याआधी ती चुलीत काटक्या सारी, दिव्याची वात वर करी, आणि पवित्र शास्त्र उघडून बोटाने एकेक शब्द दाबत, जणू पेरत, काही वचने वाची. तिला वाचन जेमतेम येत असे. पण वाचलेले वचन ती दिवसभर तोंडात घोळवी. कपडे आपटताना, डुकराच्या मांसाला मीठ चोळताना, मक्याच्या भाकरीचे पीठ कालवताना. मग ओळ दिली जाई. तिच्या माहेरच्या कुळात चालत आलेले एक स्तोत्र तिला विशेष प्रिय होते:

पूर चढला उंबऱ्याला, प्रभो, दार तू धर;
रात आली डोंगरावरुनी, हात तू धर;
शत्रू बसला वाटेवरती, वाट तू धर;
श्वास माझा सुटेल तेव्हा, जीव तू धर.

दुसऱ्या ओळीतील ‘हात’ या शब्दावर तिच्या घरात एक वळण घेत असत, वर चढून क्षणभर थांबणारे आणि मग तुटल्यासारखे खाली येणारे. ते वळण त्या ओढ्यावर दुसऱ्या कोणत्याही घरात नव्हते.

या स्तुतीला ती ताईत समजत नसे. साथीत मुले गेली तेव्हा शेजारीण डोव्ही म्हणाली होती, “सिस्टर ऑर्लीना, रोज पहाटे एवढी गातेस, आणि तुझ्याच घरावर घाला घातला गं देवानं.”

“मी काय भाडं भरते होय त्याला,” ऑर्लीना म्हणाली, “की त्यानं माझं छप्पर गळू देऊ नये?”

“मग गातेस कशाला?”

“तू श्वास कशाला घेतेस? सवय आहे म्हणून? सोडून बघ एक दिवस.”

तिच्या बहिणीचा मुलगा एल्केना या घरात आला तोही रक्तातूनच. बहीण डेल्फिया हिला तिच्या नवऱ्याने दारूच्या धुंदीत कुऱ्हाडीच्या दांड्याने ठार मारले, आणि पोर ते सारे पलंगाखालून पाहत होते. ऑर्लीनाने त्याला आणले तेव्हा त्याच्या केसांत आईचे रक्त वाळून कडक झाले होते. तो बोलेना. जेवायलाही टेबलाखालीच बसे. सारा हिवाळा असा गेला. आणि एके पहाटे ऑर्लीनाने दुसरी ओळ दिली तेव्हा टेबलाखालून एक बारीक, फाटका स्वर उठला आणि ‘हात’ शब्दावरचे ते वळण चढून गेला. बर्निसच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. त्यानंतर तो मुलगा बोलू लागला, आणि पुढे इतका बोलू लागला की व्हर्लिन कातावून म्हणे, “आई, याला परत टेबलाखाली घाल.”

दोघे एका पलंगावर वाढले, एकाच वर्षी खाणीत उतरले. एल्केनाची, घरातल्या सगळ्यांच्या केनाची, बोटे कोळशाच्या गाडीखाली सापडून तुटली तेव्हा त्याला फावडे धरता येईना. कंपनीने त्याला पिस्तूल दिले. पिस्तुलाला दोन बोटे पुरतात. पहारेकऱ्याचा पट्टा कमरेला बांधून तो घरी आला, त्या दिवशी व्हर्लिनने त्याला पायरीवरच अडवले.

“पट्टा छान आहे. गळ्यातला कधी मिळणार?”

“उपाशी मरू का मग? तू पोसशील?”

“आम्ही काय आजवर तुला उपाशी ठेवलं, कुत्र्या?”

केनाने मावशीकडे पाहिले. ऑर्लीना म्हणाली, “जेवून जा.” तो जेवला नाही, आणि त्यानंतर त्या दारात पुन्हा आला नाही.

पुढे संप झाला. कंपनीने दुकान बंद केले. बायका रानातील पाला उकडून पोरांना घालू लागल्या. पहारेकऱ्यांनी संपकऱ्यांच्या सभेत घुसून माणसांच्या बरगड्या मोडल्या. संपकऱ्यांनी एका पहारेकऱ्याला ओढ्याच्या पात्रात गाठून दगडांनी ठेचले. त्याचे तोंड त्याच्या आईलाही ओळखता आले नाही. आणि एका दुपारी पुलावर, संपकऱ्यांच्या जागी कामावर निघालेल्या परक्या मजुरांना परत फिरा म्हणून विनवायला गेलेल्या जमावावर पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. बर्निस अँबर्गी पोटात गोळी लागून पुलाच्या फळ्यांवर पडला. संध्याकाळ होईपर्यंत तो जिवंत होता, आणि तो नसता तर बरे, असे त्याच्या ओरडण्यावरून वाटे.

गोळी कोणाची, हे कोणी सांगू शकले नाही. व्हर्लिनला मात्र शंकाच नव्हती.

“केना होता पुढे. मी बघितलं.”

“धूर होता. तूच म्हणालास,” ऑर्लीना म्हणाली.

“धुरातसुद्धा मी त्याला ओळखतो, आई. एका पांघरुणात झोपलोय मी त्याच्याबरोबर.”

“तर मग ते लक्षात ठेव.”

“ठेवलंय ना. म्हणून तर गोळी राखून ठेवलीय एक.”

त्या दिवसापासून ऑर्लीनाच्या पहाटेच्या प्रार्थनेत एकच मागणे उरले. न्याय तिने मागितला नाही, घरही मागितले नाही. आपल्या ताटात जेवलेल्या एकाने दुसऱ्याला मारू नये, एवढेच ती परमेश्वराला विनवीत राहिली. ओळ देताना ती एकटीच असे. व्हर्लिन भिंतीकडे तोंड करून पडलेला राही. दिलेली ओळ तीच उचली.

मेलेल्या वा मारल्या गेलेल्या खाणमजुराच्या विधवेने घर रिकामे करावे, असा कंपनीचा नियम. व्हर्लिनने तो पाळायचे नाकारले. तेव्हा शरदातल्या एका पहाटे, ओढ्यावरचे धुके वस्तीत भरून आले असताना, पहारेकरी घराभोवती पसरले. त्यांचा म्होरक्या प्रेटर हा सपाट मुलखातून आलेला, लढाई पाहिलेला माणूस; सारे त्याला कॅप्टन म्हणत. घरात ऑर्लीना, व्हर्लिन आणि व्हर्लिनचा खाणीतला जोडीदार होबर्ट स्लोन, एवढीच माणसे होती.

“बाई, बाहेर या!” प्रेटर ओरडला. “सामान आम्ही काढून देऊ!”

“सामान राहू द्या,” व्हर्लिनने उत्तर दिले, “तुमची तिरडी आम्ही काढून देऊ!”

होबर्ट खिडकीखाली बसून हसला. “सिस्टर ऑर्लीना, कॉफी ठेवा बघू. मरायचंच असेल तर गरम पोटानं मरू.”

ऑर्लीनाने किटली चुलीवर ठेवली. पहिली फैर आली ती फळीची भिंत कागदासारखी फाडत आली. किटलीला भोक पडून उकळते पाणी निखाऱ्यांवर सांडले, खोलीत वाफ उसळली, आणि त्या वाफेत होबर्ट दोन्ही हातांनी गळा धरून उभा राहिला. त्याच्या बोटांमधून रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. तो काहीतरी बोलत होता. पण शब्द तोंडातून न येता गळ्याच्या भोकातून फुसफुसत होते. तो गुडघ्यांवर बसला, मग चुलीशी डोके टेकून कलंडला, आणि त्याचे केस करपू लागले. ऑर्लीनाने रांगत जाऊन त्याला ओढले आणि त्याच्या डोळ्यांवर हात फिरवला. व्हर्लिन वेड्यासारखा खिडकीतून गोळ्या झाडत होता. बाहेर कोणीतरी किंचाळले, शिव्या दिल्या. पुन्हा फैर झाली. आरसा फुटला, कोंबड्यांचे खुराडे कोसळले, आणि शेवटी दोन्ही बाजूंना काहीच दिसेनासे झाल्यामुळे गोळीबार आपोआप थांबला.

शांतता दाट झाली. धुके खिडकीतून आत येऊन जमिनीवर लोळत होते.

ऑर्लीना होबर्टच्या रक्तात बसली होती. पाळीचा भोंगा संपामुळे वाजत नव्हता. तरी तिच्या देहाला वेळ कळत होती. तिने ओठ ओले केले.

व्हर्लिनने वळून पाहिले. “आई, नको हं. आत्ता नको.”

“आत्ता नाही तर कधी?”

“अगं, त्यांना कळेल आपण कुठं बसलोय ते!”

“त्यांना ते कळलंय, बाळा. हा पडलाय बघ इथं.”

आणि तिने ओळ दिली. ‘पूर चढला उंबऱ्याला, प्रभो, दार तू धर’ ही पहिली तिनेच उचलली, आवाज घोगरा, पण ढळला नाही. मग तिने दुसरी दिली: ‘रात आली डोंगरावरुनी, हात तू धर.’ श्वास घेण्यासाठी ती थांबली, आणि तेवढ्या अवकाशात, लाकडांच्या शेडकडून, धुक्यातून, एका पुरुषाच्या स्वराने ती ओळ उचलली. स्वर सावकाश चढला. ‘हात’ शब्दावर तो वर गेला, क्षणभर थांबला, आणि तुटल्यासारखा खाली उतरला.

 जगात आता ते वळण घेणारी तीनच माणसे उरली होती.

व्हर्लिनने त्या स्वराच्या दिशेने रायफल फिरवली आणि झाडली.

माणसाची किंकाळी जनावराच्या किंकाळीहून फारशी वेगळी नसते. डुक्कर कापणाऱ्या मुलखात हे सर्वांना ठाऊक असते. ती किंकाळी बराच वेळ चालली. मग धुक्यात पसरलेले, दिशा न कळणारे कण्हणे उरले.

“लागली,” व्हर्लिन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “पण मेला नाही. आई, पुढची ओळ दे.”

ऑर्लीनाने त्याच्याकडे पाहिले.

“दे ना! तो उचलेल. त्याला राहवत नाही. एवढीच आवाजाची खूण मिळू दे मला.”

“नाही.”

“तुझ्या नवऱ्याला मारलंय त्यानं! होबर्ट हा असा पडलाय! रोज ओरडून ओरडून देवाला हाक मारतेस ना, मग त्यानं आज समोर आणून दिलाय. दे ओळ!”

“देवाची ओळ आहे ती, व्हर्लिन. तुझ्या बंदुकीचा नेम नाही.”

असे म्हणून ती गप्प झाली. उभ्या आयुष्यात तिने स्तोत्र मध्येच सोडले नव्हते. आईच्या शवापुढे नाही, मुलांच्या खड्ड्यांपुढे नाही. ते आज प्रथमच अर्धे राहिले. स्तुती आपला आधार आहे, असे ती समजत आली होती. आणि आज तीच स्तुती पारध्याच्या शिट्टीसारखी वापरली गेलेली तिने पाहिली. तिने डोळे मिटले. तिने विनवले ते शब्दांवाचून.

तेव्हा शेडकडून कण्हणे थांबले. आणि केनाने, झरझर, बोलल्यासारखी, धापा टाकत, तिसरी ओळ स्वतःच दिली: “शत्रू बसला वाटेवरती, वाट तू धर.”

व्हर्लिनची रायफल वर आली. नेम धरायला त्याला यापेक्षा अधिक काही नको होते.

ऑर्लीनाने दाराचा अडसर काढला. व्हर्लिन “आई!” म्हणून तिच्या एप्रनला झोंबला, तोवर ती पायरीवर होती, आणि ती ओळ उचलून गात ती सरळ स्वराच्या दिशेने, म्हणजे रायफल आणि केना यांच्या मधोमध, चालू लागली. केनाचा स्वरही तिला मिळाला; आता धुक्यातून दोन आवाज एकाच रेषेत येत होते. व्हर्लिनला कोणता कोठे आहे ते कळेना. त्याने चाप दाबला नाही.

“कोण रडतंय तिकडं?” प्रेटर ओरडला. त्या मुलखातील गाणे त्याला रडण्याहून निराळे वाटत नसे. कोणा पहारेकऱ्याने आवाजावर गोळी झाडली. ती ऑर्लीनाच्या डाव्या हाताच्या कोपराखालून आरपार गेली. ती फिरली, गुडघ्यावर आली, पुन्हा उठली. “बाई आहे रे, थांबा!” असे कोणीतरी म्हणेपर्यंत ती शेडपाशी पोचली होती.

केना लाकडांच्या ढिगाला पाठ लावून बसला होता. गोळी जांघेत, मांडीच्या मुळाशी लागली होती आणि तेथून रक्त झऱ्यासारखे उसळत होते. ऑर्लीनाने अंगरख्यावरचा एप्रन फाडून जखमेत कोंबला आणि उजव्या हाताचा तळवा, देहाचा सारा भार घालून, त्यावर दाबला. झरा थांबला.

“गाढवा,” ती म्हणाली, “तोंड मिटून बसायला काय झालं होतं तुला?”

“निघून गेलं गं तोंडातून.” तो हसण्याचा यत्न करीत होता, ओठ चावून दात रक्ताळले होते. “तू दिलीस, मी उचलली. कळलंच नाही मला. मग म्हटलं, आता मेलोच आहे, तर पुरी तरी करू.”

“बोलू नकोस.”

“मावशी, तुझा हात...”

“माझा हात राहू दे. तू श्वास घे.”

तो काही वेळ श्वास घेत राहिला. मग म्हणाला, “पुलावर मीच झाडली.”

ऑर्लीनाचा तळवा जखमेवर तसाच होता.

“काका हात वर करून येत होता. माझं नाव घेत होता. ‘केना, घरी चल’ म्हणाला. कॅप्टन म्हणाला, झाड. मी झाडली. धुरात नाही, धूर मग झाला. तो बघत होता माझ्याकडं.”

आणि ऑर्लीनाचा हात वर उठला.

तो तिने विचारपूर्वक उचलला की तो आपोआप उठला, हे ठरवणे आपल्याला शक्य नाही; तिला स्वतःला ते पुढे शक्य झाले, आणि तिचे उत्तर यथाकाल येईल. एवढे खरे की तळवा जखमेपासून एक वीत वर होता, आणि एप्रनच्या चिंधीखालून रक्त पुन्हा उसळून केनाच्या पट्ट्यावरून, बुटांवरून, लाकडाच्या ढलप्यांवरून वाहू लागले. केनाने तो हात पाहिला. बर्निसची ती संध्याकाळ ऑर्लीनाच्या कानांत ओरडत होती. तिने शास्त्रातील वचन शोधले. जन्मभर तोंडात घोळवलेल्यांपैकी एकही आले नाही. स्तोत्राची चौथी ओळ शोधली, तीही आली नाही. जिथे परमेश्वर असायचा तिथे धुके होते.

त्याच सुमारास वाऱ्याची झुळूक ओढ्यावरून आली आणि अंगणातले धुके विरळले. व्हर्लिन पायरीवर उभा होता, रायफल खांद्याला लावून. त्याच्यापासून केनापर्यंत आता मध्ये काही नव्हते. आई बाजूला सरकली होती. केनाची छाती उघडी होती. व्हर्लिनने आईचा तो अधांतरी हात पाहिला.

मग हात खाली आला. तो जोराने आला, थप्पड मारावी तसा. केना वेदनेने विव्हळला. ऑर्लीनाने आपला गुडघाही त्यावर ठेवला, तोंड त्याच्या तोंडाजवळ नेले, आणि दात आवळून म्हणाली, “मरू नकोस. ऐकतोस? मेलास तर मी तुला कधी सोडणार नाही.”

व्हर्लिनने रायफल पायरीवर ठेवली.

तेवढ्याने काही वाचले असे नाही. पहारेकरी त्याच्यावर तुटून पडले. बंदुकीच्या दस्त्यांनी त्यांनी त्याचा जबडा आणि दोन्ही हातांची हाडे मोडली, आणि तो निपचित पडेपर्यंत त्याला बुटांनी तुडवले. प्रेटरने ऑर्लीनाला केसांना धरून ओढण्याचा प्रयत्न केला; पण केनाच्याच सोबत्यांपैकी एक, डोंगरातलाच माणूस, मध्ये पडला. “राहू द्या, कॅप्टन. मावशी आहे त्याची.” ऊन कड्यावरून खाली उतरले तेव्हा केना गेला. ऑर्लीनाचा तळवा तोवर त्या जखमेला असा चिकटला होता की तो सोडवायला पाणी ओतावे लागले.

त्या रात्री तिला वरच्या खिंडीतील कोणाच्यातरी गवताच्या कोठारात आश्रय मिळाला. दुसऱ्या पहाटे ती उठली, आणि दिवा नसताना, शास्त्र नसताना, तिने ओळ देण्यासाठी तोंड उघडले. कावळ्यासारखा आवाज निघाला. तिने तीच ओळ पुन्हा दिली. तिसऱ्या वेळी ती ओळखू येण्याजोगी झाली. मग तिने ती उचलली.

एल्केनाच्या खुनासाठी व्हर्लिनला तुरुंग झाला. ऑर्लीना माहेरच्या जमिनीवरील मोडक्या खोपट्यात राहिली. डाव्या हाताची बोटे कधी मिटली नाहीत, त्यामुळे ती एका हाताने मका सोली, एका हाताने कोंबडीची मान पिरगळी. पुलावर कोणी झाडली, हे मंडळीत कोणी विचारले तर ती सांगे, लपवीत नसे. केनाची माती तिने बर्निसच्या शेजारी केली, यावरून काही बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. डोव्ही म्हणाली, “नवऱ्याच्या कुशीत त्याचा मारेकरी झोपवलास, बाई.” “जागा तेवढीच होती,” ऑर्लीनाने उत्तर दिले.

बऱ्याच वर्षांनी व्हर्लिन सुटून आला. मोडलेला जबडा वाकडा जुळला होता, बोलणे थोडे फुगीर झाले होते. पहिले काही दिवस तो पायरीवर नुसता बसून राही. एका दुपारी ऑर्लीना घेवड्याच्या शेंगा निवडत होती. तो शेजारी येऊन बसला आणि शेंगा मोडू लागला. त्याची बोटे नीट वळत नव्हती.

“आई, तू हात उचललास तेव्हा माझा नेम धरलेला होता.”

“ठाऊक आहे.”

“तू तिकडं बघत नव्हतीस.”

“तुझी मी आई आहे.”

त्याने एक शेंग मोडली, मग ती तशीच हातात धरून राहिला. “मी वाट बघत होतो. तू हात उचलून ठेवला असतास, तर मी झाडली असती. मला वाटलं, आई हो म्हणतेय.”

“म्हणत होते.”

व्हर्लिनने मान वर केली.

“हात का उचलला ते मला सांगता येईल,” ऑर्लीना म्हणाली. “तुझ्या बापासाठी उचलला. आपल्या राजीखुशीनं उचलला. केना तेव्हाच मेला असता तर मला बरं वाटलं असतं, तेवढ्यापुरतं तरी. त्याबद्दल मी रोज माफी मागते.”

“आणि परत ठेवलास तो?”

 तिने आपला उजवा तळवा मांडीवर उलटा करून पाहिला, जणू तो कोणा दुसऱ्याचा तिच्याजवळ ठेवायला दिलेला असावा.

“तो मी नाही ठेवला, बाळा,” ती म्हणाली. “मी अजून उचललेलाच धरून होते.”